आमचे अध्यक्ष आणि मागची वाट

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष फॅक्टरीत अप्रेंटिस म्हणून लागले आणि ऑफिसर होऊन रिटायर झाले. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या पाच विंगमध्ये त्यांना सगळे साहेब म्हणत. मी त्यांच्या काळात सेक्रेटरी होते. निवड होण्याचं कारण एवढंच की माझं मराठी टायपिंग चांगलं होतं आणि ते काम दुसऱ्या कुणाला नको होतं. मी उल्हासनगरला विम्याच्या ऑफिसात नोकरी करायचे, आणि डी विंगच्या तळमजल्यावर आईबरोबर राहायचे. अजूनही राहते.

साहेबांनी काय केलं ते आधी सांगते. नंतरच्या गोष्टी आठवताना लोक हे विसरतात, आणि ते विसरण्यात माझाही हात आहे.

ते येण्यापूर्वी पाणी ए विंगला भरपूर यायचं, कारण टाकी त्यांच्या अंगाला होती. तिथे सकाळी गाड्या धुतल्या जात आणि आमच्या विंगच्या चौथ्या मजल्यावर नळ नुसता फुसफुसत असे. साहेबांनी पाचही विंगांना वेळ ठरवून दिली आणि पहिले दोन महिने स्वतः व्हॉल्व्हपाशी उभे राहिले. लिफ्टमध्ये पाटी होती, ‘कामवाल्यांनी जिना वापरावा’. ती त्यांनी स्क्रूड्रायव्हरने स्वतः काढली. एक काकू म्हणाल्या, "अहो, सभेत विचारायला हवं ना." तर साहेब म्हणाले, "लावताना विचारलं होतं का?" वॉचमनला संडास नव्हता, तो नाल्याकडे जायचा. तो बांधला. भाडेकरूंना सभेत बोलायची परवानगी दिली. सुकट भाजायला बंदी करणारी एक नोटीस होती, तीही गेली. त्या संध्याकाळी तीन मजल्यांवरून वास आला आणि आई हसत म्हणाली, "स्वातंत्र्य मिळालं बाई."

आणि आमचं घर. बाबा गेल्यावर शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव लागेना. काकांनी हरकत घेतली होती आणि जुनी कमिटी त्या अर्जावर बसून होती. मुलगी लग्न न केलेली, आई शिकलेली नाही, यांना ताटकळत ठेवलं तर बिघडतं काय, असा तो सगळा प्रकार होता. साहेबांनी अध्यक्ष झाल्यावर दुसऱ्याच सभेत कागद मागवले, वाचले आणि ठराव करून टाकला. आईने त्यांना घरी बोलावून शिरा दिला. ते संकोचून म्हणाले, "वहिनी, हे तुमचंच होतं. मी फक्त लिहिलं."

साहेब बौद्ध होते. त्यांच्या निवडणुकीच्या वेळी जिन्यात, पार्किंगमध्ये दबक्या आवाजात एक वाक्य फिरत होतं: "मागच्या चाळीचा पुळका येईल बघा यांना." आमच्या कंपाउंडच्या मागे एक जुनी चाळ होती. तिथे सगळ्या जातीधर्माची कष्टकरी माणसं राहत. पण आमच्या लोकांच्या डोक्यात ती ‘त्यांची’ वस्ती होती. साहेबांच्या कानावर ते वाक्य गेलं होतं की नाही, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्या चाळीतली माणसं डी विंगच्या कडेने, आमच्या खिडकीखालून, मेन रोडला यायची. रिक्षा स्टँडला, शाळेला, आमच्याच घरी भांडी घासायला. ती वाट सोसायटी बांधण्याआधीची होती. आमच्याकडे येणाऱ्या मावशीही तिथूनच यायच्या. खिडकीतून आत डोकावून त्या आईला "उठलात का आजी?" असं विचारायच्या, आणि मग पुढून वळसा घालून दारात यायच्या.

एका दुपारी त्या वाटेवर बी विंगमधल्या एका आजोबांना मोटारसायकलची धडक बसली. खुब्याचं हाड मोडलं. मोटारसायकलवाला चाळीतला होता.

सभा भरली तेव्हा लोक पेटलेले होते. साहेबांनी एक साधी गोष्ट सुचवली. वाटेवर छोटं गेट लावायचं, माणूस जाईल पण गाडी जाणार नाही एवढंच. बोलणं संपायच्या आतच मागून कुणीतरी म्हणालं, "बोललो नव्हतो? साहेबांना तिकडचं प्रेम जास्त."

मी शेजारी बसून मिनिट्स लिहीत होते. साहेबांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी परत बसू."

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच ठराव मांडला: वाट कायमची बंद करून सोसायटीच्या हद्दीवर पक्की भिंत बांधावी. टाळ्या पडल्या. सगळे हात वर गेले. माझाही गेला.

तिथून पुढे जे झालं त्याला साहेब स्वतः ‘लढाई’ म्हणायचे. आधी मला तो शब्द गमतीचा वाटला. अर्धी भिंत उभी राहिली आणि चाळीतल्या लोकांनी ती पाडली. आम्ही पोलीस बोलावले. भिंत परत बांधली, ती परत पाडली. साहेबांच्या स्कूटरची सीट कुणीतरी ब्लेडने फाडली. रोज सकाळी आमच्या गेटसमोर कचरा पडू लागला. मग चाळीतले लोक कोर्टात गेले आणि आम्हीही वकील केला. उल्हासनगरला, माझ्या ऑफिसपासून दोन गल्ल्यांवर, कापडाच्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. सिंधी गृहस्थ, मराठी-हिंदी मिसळून बोलायचे. कागद पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

"मॅडम," वकील म्हणाले, "त्यांचा एकच पॉइंट आहे. बोलतात की इथे पुरानी वहिवाट आहे. तुमच्याकडे बिल्डरचे ओरिजिनल पेपर असतील ना? बघा जरा. असं काही लिहिलं नसेल तर सेक्रेटरीचं ॲफिडेव्हिट टाकू. फिर टेन्शन नाही."

शनिवारी मी सोसायटीच्या ऑफिसात एकटी बसले आणि लोखंडी कपाट उघडलं. तिसऱ्या फाइलमध्ये मंजूर नकाशा होता, घड्यांवर झिजलेला. डी विंगच्या कडेने तुटक रेघ काढलेली होती आणि तिच्यावर हाताने, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘मागील वस्तीस ये-जा करण्यासाठी’. खाली शिक्का होता.

मी तो तीनदा वाचला. मग दार लोटून घेतलं. तिथे कुणीच नव्हतं, तरी लोटून घेतलं.

त्या वेळी मनात काय होतं ते मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सोयीने सांगत आले. म्हणायचे, साहेबांचे उपकार होते. त्यांची पाच विंगांसमोर मान खाली जाईल, तीही माझ्यामुळे, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. हे खरंच आहे. पण तेवढंच खरं नाही. भिंत पुरी नव्हती, तरी पोलीस आल्यापासून वाट अडवलेलीच होती, आणि आमच्या खिडकीखाली शांतता होती. पहाटेपासूनचं बोलणं, खाकरणं, सायकलींच्या घंट्या सगळं थांबलं होतं. आईला दुपारी झोप लागू लागली होती. मी खिडकीत मोगऱ्याची कुंडी ठेवली होती. मला ती शांतता हवी होती. साहेबांच्या उपकारामागे मी ती लपवली.

नकाशा घडी करून त्याच फाइलमध्ये ठेवला आणि सोमवारी वकिलांना बाकीचे कागद दिले.

"असं काही नाही ना मॅडम?"

"नाही," मी म्हणाले.

ॲफिडेव्हिटमधलं वाक्य मला अजून पाठ आहे. ‘सदर जागेत मागील वस्तीसाठी कोणतीही वहिवाट अस्तित्वात असल्याचे आमच्या माहितीत नाही.’ मी ते टाइप झालेलं वाचलं, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त करवून घेतली आणि सही केली. चाळीतल्या लोकांनी भिंतीला हात लावू नये, असा आम्हाला हवा तो स्टे मिळाला. भिंत पुरी झाली.

चाळीतल्या बायकांना आता नाल्याच्या काठाने, कारखान्यांच्या रस्त्यावरून वळसा घालून यावं लागे. मावशी पाऊण तास उशिरा येऊ लागल्या. तक्रारीचा एक शब्द बोलल्या नाहीत. एकदाच आईला म्हणाल्या, "आजी, आता खिडकीतून तुम्हाला हाक मारता येत नाही." आईने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वाचत होते.

मग चाळीतल्या बायकांनी आठवडाभर कामं बंद ठेवली. तेव्हा कुठे आमच्या लोकांना भिंतीचा त्रास समजला. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या तेच लिफ्टमध्ये बोलू लागले, "आम्हाला कुठे भिंत हवी होती? यांचाच हट्ट." लिफ्टमध्ये आता कामवाल्या बायकाही असायच्या. त्या ऐकून घेत.

श्रावणात मावशी नाल्याच्या काठावर घसरल्या. उजवं मनगट मोडलं. मला त्यांच्या जावेने येऊन सांगितलं. दीड-दोन महिने काम जमणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मी भेटायला जाईन असं म्हटलं. जायला पाऊण तास लागला असता, त्याच नाल्याकाठच्या वाटेने, आणि ती वाट मला पाहायची नव्हती. चार दिवसांनी मी ए विंगमध्ये काम करणारी दुसरी बाई ठेवली आणि तिच्याचकडून निरोप पाठवला, की मावशींना सांग, काळजी करू नका, माझी सोय झाली आहे. ‘माझी सोय झाली आहे’ हेच शब्द होते.

वार्षिक सभेत साहेबांना घेरलं. वकील, पोलीस, कचरा, बायकांचा संप, सगळं त्यांच्या एकट्याच्या माथी मारलं. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की तुम्हीच हात वर केले होते. सी विंगमधले एक सभ्य, शिकलेले गृहस्थ मोठ्याने नव्हे पण ऐकू येईल असं म्हणाले, "शेवटी जातीवर जातातच. सत्ता मिळाली की आपल्याच लोकांच्या उरावर बसतात."

म्हणजे वाट ठेवली असती तर पुळका, आणि बंद केली तर हे. मला ते ऐकून चीड आली होती. उठून दोन वाक्यं बोलता आली असती: लिफ्टची पाटी कुणी काढली, व्हॉल्व्हपाशी कोण उभं राहिलं. पण मी तोंड उघडलं तर कुणीतरी ॲफिडेव्हिटचं काढेल, अशी भीती वाटली. मी मान खाली घालून लिहीत राहिले. मिनिट्समध्ये लिहिलं: ‘सदस्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली.’

साहेबांनी राजीनामा दिला. दिवाळीनंतर फ्लॅट विकून ते बदलापूरला मुलीकडे राहायला गेले. टेम्पो निघाला तेव्हा खाली वॉचमन आणि आमची आई, एवढे दोघेच होते. मी ऑफिसात होते. रजा घेता आली असती.

नव्या कमिटीने चाळीतल्या लोकांशी बोलणी केली, कोर्टातली केस आपसात मिटवली आणि भिंतीत एक छोटं गेट काढलं. माणूस जाईल, गाडी जाणार नाही, असं. साहेबांनी पहिल्या सभेत सुचवलं होतं तेच. हे कुणी बोललं नाही. मी तेव्हा सेक्रेटरी नव्हते, पण सभेत होते, आणि मीही बोलले नाही.

तीन वर्षं गेली. मध्यंतरी सोसायटीच्या हॉलमध्ये वाचनालय सुरू झालं. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका तरुण बाईने सुचवलं की त्याला साहेबांचं नाव द्यावं. ती लग्न होऊन आली तेव्हा साहेब नुकतेच सोसायटी सोडून गेले होते, पण सासूकडून तिने पाण्याची गोष्ट ऐकली होती. दोघांनी विरोध केला, बाकीचे चालेल म्हणाले. साहेबांना विचारून यायचं काम माझ्यावर आलं, कारण मी ‘त्यांच्यातली’ मानली जात होते.

बदलापूर पश्चिमेला त्यांच्या मुलीचा फ्लॅट होता. साहेब बारीक झाले होते. त्यांनी स्वतः दार उघडलं, पाणी आणून दिलं, आईची चौकशी केली. मी वाचनालयाचं सांगितलं.

"विरोध कुणी केला?" त्यांनी विचारलं.

"सी विंगमधून दोघांनी."

ते हसले. "म्हणजे अजून माझी आठवण आहे."

मग मला राहवलं नाही. मी म्हणाले, "साहेब, मला एक सांगायचंय. ॲफिडेव्हिट खोटं होतं. मी कपाटातला नकाशा पाहिला होता. त्यावर वाट दाखवलेली होती. मी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही भिंत थांबवली असती. मी नाही सांगितलं."

हे वाक्य मी गेली तीन-चार वर्षं मनात घोळवत होते आणि दर वेळी त्यांचा चेहरा उतरलेला दिसायचा. प्रत्यक्षात ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"तिसरी फाइल," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"अध्यक्ष झालो त्याच आठवड्यात ते कपाट मी लावलं. सगळे कागद गोधडीसारखे कोंबले होते. नकाशा मीच त्या फाइलमध्ये ठेवला."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून."

"मग त्या छोट्या गेटच्या सूचनेवर अडून का नाही राहिलात?"

आत त्यांची मुलगी कुकर लावत होती. शिटी झाली तेव्हा ते बोलू लागले. "त्या सभेत मागून काय आलं ते तुम्ही ऐकलंत ना? फॅक्टरीत मी चाळीस वर्षं हेच ऐकलं. माझ्या हाताखालच्या कुणाला प्रमोशन मिळालं की आपल्या माणसाला दिलं. मग मी काय करायचो? आपल्या माणसाचं नाव मुद्दाम मागे ठेवायचो. म्हणजे कुणी बोलणार नाही. वाट सोडली असती तर सगळे म्हणाले असते, बघा, दिली आपल्या लोकांना. ते मला नको होतं. म्हणून भिंत बांधली. आणि एकदा पाडल्यावर परत बांधायलाच लागते. नाहीतर पहिली का बांधली ते सांगावं लागतं."

"आणि मला सही करू दिलीत?"

"मला वाटलं, तुम्ही तो पाहिला नसेल. तुमच्या दृष्टीने खरंच असेल ते." त्यांनी चष्मा काढला. "आपण दोघंही एकमेकांना वाचवत होतो म्हणायचं. चाळीला सोडून."

नावाला त्यांनी नकार दिला. म्हणाले, वाचनालयाला पुस्तकं हवीत, नाव कशाला. पण विचारल्याचं त्यांना बरं वाटलं नाही असंही नाही. निघताना जिन्यापर्यंत आले आणि विचारलं, "पाण्याच्या वेळा अजून त्याच आहेत ना?"

"त्याच आहेत."

"हां," ते म्हणाले आणि वळले.

मला वाटलं होतं की सांगून टाकल्यावर हलकं वाटेल. उलट झालं. इतकी वर्षं मी स्वतःला साहेबांची अपराधी समजत होते, आणि त्या अपराधात थोडी ऐट होती. मोठ्या माणसाला आपण दगा दिला, अशी. आता ती गेली. उरलं ते एक मनगट, आणि चार दिवसांत पाठवलेला निरोप.

पुढच्या रविवारी मी भिंतीतल्या गेटमधून चाळीत गेले. आमच्या खिडकीपासून मावशींचं दार दोन मिनिटांवर होतं. इतक्या वर्षांत मी कधी तिकडे गेले नव्हते. मावशी दारात वाल सोलत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, खुर्ची दिली. आता घरकाम करत नाहीत, शाळेत खिचडी शिजवायला जातात, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

मी सगळं सांगितलं. नकाशा, ॲफिडेव्हिट, साहेबांना ठाऊक होतं तेसुद्धा. त्या ऐकत वाल सोलत राहिल्या.

"साहेबांचं काय सांगू ताई," शेवटी त्या म्हणाल्या. "लिफ्टमध्ये पहिल्यांदा बसले ना मी, तर तेच होते आत. म्हणाले, या, किती मजला? माझा गुडघा दुखायचा तेव्हा. ते मी नाही विसरणार. आणि हात मोडला तेव्हा त्यांना शिव्याही मीच जास्त घातल्या. काय करणार, दोन्ही झालंय ना."

"आणि मी?"

त्यांनी वालाची पाटी बाजूला ठेवली. "भिंतीचं मला तुमच्याकडून काही वाटलं नाही. भिंत सगळ्यांनी मिळून बांधली. पण अकरा वर्षं तुमच्या घरी येत होते. आजींना ताप आला तर रात्रभर बसले होते. तुम्ही त्या दुसऱ्या बाईकडून निरोप धाडलात. एवढं लागलं. दोन दिवस जेवले नव्हते मी. हाताने नाही, त्याने."

मी म्हणाले, "चुकलं माझं." याहून बरा शब्द सापडला नाही.

"हो, चुकलंच," त्या म्हणाल्या. नाही-नाही, असं कसं, असलं काहीही म्हणाल्या नाहीत.

मग त्या चहा ठेवायला उठल्या. साखरेच्या बरणीचं झाकण घट्ट होतं. त्यांचं उजवं मनगट पुरतं वळत नव्हतं. त्यांनी बरणी पोटाशी धरून डाव्या हाताने जोर लावला, मग माझ्यापुढे केली. "हे जरा उघडा."

मी उघडून दिलं. दोघींनी चहा घेतला. शाळेतल्या खिचडीत मीठ कोण जास्त टाकतं, त्यावर त्या थोडं बोलल्या. परत कामाला याल का, हे मी विचारलं नाही, आणि येत जा असं त्याही म्हणाल्या नाहीत.

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाली?"

"चहा दिला," मी म्हणाले.

"आणि?"

"आणि मला खरं ते सांगितलं."

आई खिडकीपाशी जाऊन बसली, मागच्या वाटेने कोण जातंय ते बघत.